गारवा खोटा, चॉकलेट खरं

मिंट चॉकलेट ट्रफल जिभेवर ठेवलं की आधी कडसर-गोड वितळतं आणि मग नाकापर्यंत झुळूक जाते. झुळूक पुदिन्याची, पण तिच्यात थंडी औषधालाही नसते. पुदिन्यामुळे तोंडाचं तापमान तसूभरही खाली येत नाही. गंमत म्हणजे थोडंफार खरं थंड करण्याचं काम चॉकलेटच करतं, कारण वितळायला लागणारी उष्णता ते जिभेकडूनच उसनी घेतं. श्रेय मात्र पुदिना लाटतो.

या चोरीच्या श्रेयामागे दोन नोबेल पारितोषिकं, उत्तर प्रदेशातली शेतं, एव्हरेस्टचं शिखर आणि बाळंतिणीचा शेपा एवढा सगळा गोतावळा आहे. आणि हे ट्रफल आपल्या ओट्यावर, साध्या पातेल्यात होतं.

एकाच नोबेलात ठेचा आणि पुदिना

आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याचं नाव टीआरपीएम८, पाठ केलं नाही तरी चालेल. तापमान साधारण २५ अंशांच्या खाली गेलं की ते जागं होतं आणि मेंदूला ‘गार पडलं’ असा निरोप जातो. पुदिन्यातलं मेंथॉल याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि गरम तोंडातूनही तोच निरोप पाठवतं. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो.

हा कावा २००२ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे उघडकीला आणला. त्यांची नावं डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन. ज्यूलियस यांनी त्याआधी, १९९७ मध्ये, मिरचीतलं कॅप्सेसिन वापरून उष्णता ओळखणारं प्रथिन शोधलं होतं. म्हणजे ठेच्याने तोंड भाजतं तेही नाटक आणि पेपरमिंटने गार पडतं तेही नाटकच. स्पर्श आणि तापमान शरीराला कसं कळतं याच्या शोधाबद्दल दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरं नोबेल त्याआधीचं, रसायनशास्त्राचं. मेंथॉलचा रेणू आठ वेगवेगळ्या घडणींत असू शकतो. अणू तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी. त्यांतली एकच घडण जिभेला मनासारखं गार करते, आणि झाड नेमकी तीच बनवतं. कारखान्यात तीच एक घडण साधायची तर उत्प्रेरक फार हुशार लागतो. जपानच्या र्‍योजी नोयोरी यांच्या संशोधनातून असा उत्प्रेरक मिळाला आणि तिथल्या ताकासागो कंपनीने तो वापरून मेंथॉलचं मोठं उत्पादन सुरू केलं. नोयोरींच्या २००१ च्या नोबेलमागे जे काम होतं, त्यात हेही आलं.

भाजीवाल्याच्या जुडीने गार का वाटत नाही?

घरी पहिल्यांदा मिंट ट्रफल करणारे बहुतेक जण इथे फसतात. जुडी आणायची, पानं क्रीममध्ये उकळायची, चॉकलेट घालायचं आणि खाऊन बघायचं. वास छान येतो, चव थेट हिरव्या चटणीची, आणि गारवा? त्याचा पत्ताच नाही. दोष कृतीचा नसतो, जातीचा असतो.

आपल्या बाजारात मिळणारा चटणीचा पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट या जातीचा असतो. त्याच्या सुगंधाचा मालक कार्व्होन नावाचा रेणू आहे, मेंथॉल त्यात नावापुरतं. परदेशी मिंट चॉकलेटमध्ये असतं पेपरमिंट, आणि त्याच्या तेलात साधारण चाळीस टक्के मेंथॉल भरतं. दोघं भाऊबंद खरे, पण स्वभाव अगदी वेगळे.

पेपरमिंटची जन्मकथाही मजेशीर आहे. स्पिअरमिंट आणि पाणथळ जागी उगवणारा वॉटरमिंट यांच्या संकरातून ते झालं. आईबापांच्या भिन्न गुणसूत्रांमुळे त्याला उगवण्याजोगं बी जवळजवळ धरतच नाही. म्हणून जगभरातलं पेपरमिंट मुळ्या आणि फुटवे लावून वाढवलं जातं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी लोकांनी त्याची दखल घेतली, आणि तेव्हापासून हे झाड माणसाच्या हातानेच जगभर फिरतं आहे.

तेव्हा ट्रफलसाठी माझा सल्ला असा: जुडीतली पानं ताजेपणासाठी जरूर घाला, पण गारव्यासाठी खाण्याचं पेपरमिंट तेल किंवा अर्क हवाच. तेल असेल तर थेंबांत मोजा. अर्क त्या मानाने सौम्य असतो, त्यामुळे चमच्याच्या हिशोबात चुकलात तरी निभावतं. तेलात चुकलात तर घरातले म्हणतील, ‘पेस्ट छान झालीये, ब्रश कुठाय?’

शेपूचं आरशातलं रूप

वर आलेल्या कार्व्होनची एक भन्नाट गोष्ट. आपला डावा आणि उजवा हात सारखेच असतात, तरी एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. कार्व्होनच्या रेणूचेही असे डावे-उजवे आहेत. एकाचा वास पुदिन्याचा. त्याच्याच आरशातल्या प्रतिमेचा वास शेपूच्या बियांचा, म्हणजे बाळंतिणीला जेवणानंतर देतात त्या बाळंतशेपाचा! अणू तितकेच, जोडणीही तीच, फक्त वळण उलटं. आपल्या नाकाला हा फरक क्षणात कळतो. शेपूची भाजी पाहून नाक मुरडणारी मुलं पुदिन्याची पाणीपुरी मिटक्या मारत खातात, त्यांना हे जरूर सांगा.

बाराबंकीचा माल

जगात नैसर्गिक मेंथॉल पुरवणारा सगळ्यात मोठा देश कोणता? भारत. त्यातला बराचसा माल येतो उत्तर प्रदेशातून, आणि त्यातही लखनौशेजारच्या बाराबंकी जिल्ह्याचं नाव पहिलं. तिथे होतो तो पुदिना तिसऱ्याच जातीचा. हिंदीत त्या पिकाला नुसतं ‘मेंथा’ म्हणतात. रब्बीची पिकं आणि पावसाळ्यातला भात यांच्या मधल्या उन्हाळी खिडकीत ते बसतं. कापणी झाली की गावातल्याच भट्ट्यांवर पाल्यातून वाफ सोडून तेल काढलं जातं. या तेलात मेंथॉलचं प्रमाण सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे पेपरमिंटही त्यापुढे फिकं.

दुसऱ्या महायुद्धाआधी हा धंदा जपानच्या ताब्यात होता. होक्काइदो बेटावरचं किटामी हे त्याचं मोठं ठाणं. पुढे मेंथ्याने भारतात मूळ धरलं, लखनौच्या सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेने ‘हिमालय’, ‘कोसी’ यांसारखे वाण दिले आणि तराजू आपल्याकडे झुकला. मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात सोनं, चांदी, कच्चं तेल यांच्या पंगतीला मेंथा तेलही बसलेलं दिसतं. चटणीवाल्या पुदिन्याच्या चुलतभावाचे वायदे होतात, हे ऐकून भाजीवाले काका जुडीमागे पाच रुपये वाढवतील, म्हणून त्यांना सांगू नका.

अमृतधारा: तीन घन, एक द्रव

मेंथॉलचे खडे आपल्याकडे पुदिन्याचं फूल म्हणून ओळखले जातात. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून हलवले की बघता बघता पाणी होतं. हीच घरोघरची अमृतधारा. बाहेरून पाण्याचा थेंबही न घालता हे घडतं, कारण मिश्रणाचा वितळणबिंदू प्रत्येकाच्या स्वतंत्र वितळणबिंदूपेक्षा खूप खाली येतो. नुसतं मेंथॉल मात्र ४२ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात ते आपणहून विरघळायला मोकळं. (अमृतधारा ट्रफलमध्ये घालायची नाही. घालणारा कुणीतरी निघतोच, म्हणून सांगितलं.)

चॉकलेटचे सहा अवतार

आता दुसऱ्या हिरोकडे वळू. चॉकलेटची सगळी ऐट कोको बटरमध्ये असते. हे स्निग्ध द्रव्य गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकतं. चकाकी, मोडताना येणारा ‘टक’ आवाज आणि जिभेवर विरघळणं हे तिन्ही एकत्र हवं असेल तर पाचवा प्रकारच लागतो. तो वितळतो सुमारे ३४ अंशांना. आपलं शरीर ३७ अंशांवर. या तीन अंशांच्या फरकावर अख्खा चॉकलेट उद्योग उभा आहे.

पाचवाच प्रकार मिळावा म्हणून चॉकलेट तापवून, निववून, पुन्हा किंचित तापवतात. त्याला टेम्परिंग म्हणतात. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ वर आणायचं, परत ३१-३२ वर न्यायचं. एप्रिलमध्ये मुंबईच्या दमट स्वयंपाकघरात हा खेळ करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ट्रफलचं भाग्य असं की त्याला टेम्परिंग लागत नाही. वरून कोको पावडर लावली की काम झालं.

ती कोको पावडरही आयती मिळालेली नाही. १८२८ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोच्या लगद्यातून चरबी दाबून काढण्याची पद्धत पेटंट केली. खाली उरलेल्या पेंडीची झाली पावडर. निघालेल्या चरबीचं काय करायचं, याचं उत्तर इंग्लंडच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये दिलं. कोको आणि साखरेत तीच चरबी परत मिसळून त्यांनी खाता येईल अशी वडी काढली. तोवर हजारो वर्षं चॉकलेट ही प्रामुख्याने प्यायची गोष्ट होती.

आणि हो, डब्यातल्या जुन्या चॉकलेटवर दिसणारा पांढरट थर बुरशीचा नसतो. एक तर कोको बटर वर आलेलं असतं, नाहीतर फ्रीजच्या ओलाव्याने साखर. बिनघोर खा.

लाडू वळता येतात? मग झालं

ट्रफलच्या आतला मऊ गोळा म्हणजे गनाश, अर्थात चॉकलेट आणि क्रीम. माप लक्षात ठेवायला सोपं: दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम, तेही वजनाने. २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम, सुपारीएवढं लोणी आणि चिमूटभर मीठ घेतलं तर वीसेक ट्रफल होतात.

चॉकलेट घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर उत्तम. हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड. केकवर सजावटीला ते सोयीचं, कारण टेम्परिंगविना घट्ट होतं. पण ट्रफलमध्ये टाळूला मेणासारखा थर बसतो आणि पुदिन्याची झुळूक त्याखाली गुदमरते. पैसे वाचवायचे असतील तर क्रीममध्ये वाचवा, चॉकलेटमध्ये नको. साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर काम भागतं. गोळा सैल वाटला तर चॉकलेट जरा वाढवायचं.

क्रीम जास्तच घ्या, १२० ग्रॅमपर्यंत. मंद आचेवर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा. मूठभर पुदिन्याची पानं हातावर चुरगळून त्यात टाका आणि लगेच झाकण ठेवा. पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या इवल्या पिशव्यांत असतं. चुरगळल्यावर त्या फुटतात आणि झाकण नसेल तर सुगंध शेजाऱ्यांकडे जातो. वीस मिनिटं पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर गवताची चव उतरते. गाळा, पानं पिळा आणि क्रीम पुन्हा मोजा, कारण पानं आपला वाटा ठेवून घेतात. कमी पडलं तर भर घाला.

हे क्रीम पुन्हा गरम करून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं अजिबात हात लावू नका. मग मधोमध चमचा ठेवून छोट्या गोलांत ढवळत बाहेर या. लोणी, मीठ आणि पेपरमिंट तेलाचे दोन थेंब सगळ्यात शेवटी घाला, कारण गरम मिश्रणात सुगंधी तेल उडून जातं. चाखून बघा. थोडं कमी वाटलं तर तिथेच थांबा, रात्रीत चव मुरते.

दोनेक तास फ्रीजमध्ये घट्ट झालं की वळायला घ्या. लाडवांचा सराव असलेला हात इथे कामाला येतो, पण नियम बरोबर उलटा. बेसनाचे लाडू कोमट असताना वळले जातात, ट्रफल गार असतानाच. तळहात गरम असतील तर पाचव्या गोळ्यापासून सगळं माखतं, म्हणून हात थंड पाण्याखाली धरून खडखडीत कोरडे करायचे. वेडेवाकडे गोळे झाले तर हरकत नाही, उलट ते जास्त अस्सल दिसतात. या मिठाईला नाव मिळालं ते जमिनीखाली उगवणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या कवकावरून, आणि ते कवक मातीने माखलेलं आणि ओबडधोबडच निघतं. कोको पावडर ही ती माती.

एक थेंब वैरी, वाटीभर मित्र

नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची खरखरीत ढेप होते. मग क्रीममध्ये तर निम्म्याहून जास्त पाणी असतं, तरी काही बिघडत का नाही? कारण थोडं पाणी साखरेच्या कणांना फक्त चिकट करतं आणि ते एकमेकांना धरून बसतात. भरपूर पाणी आलं की साखर विरघळते आणि तूप-पाण्याचं गुळगुळीत मिश्रण जमतं. म्हणून ढेप झालेलं चॉकलेट फेकायचं नसतं. त्यात गरम क्रीम ओतलं की त्याचंच गनाश होतं. आणि गनाश फुटून वर तेल तरंगायला लागलं तर चमचाभर कोमट दूध घालून फेटा. दहात नऊ वेळा ते रुळावर येतं.

जाता जाता तोंडात टाकायला

चॉकलेट ट्रफलच्या जन्माचं श्रेय सहसा फ्रान्समधल्या शांबेरीच्या लुई द्यूफूर यांना दिलं जातं, साल १८९५. द्यूफूर घराण्यातल्याच आंत्वान यांनी १९०२ मध्ये लंडनला प्रेस्टाट हे दुकान काढलं. लेखक रोआल्ड डाल त्या ट्रफलचे चाहते. त्यांनी १९७९ च्या ‘माय अंकल ऑसवॉल्ड’ या खट्याळ, फक्त मोठ्यांसाठीच्या कादंबरीत प्रेस्टाटच्या ट्रफलना भलत्याच कामाला लावलं आहे.

शिकागोत मिंट चॉकलेटवरून माणसं भावुक होतात. तिथल्या मार्शल फील्ड्स या जुन्या दुकानाची ‘फ्रँगो’ मिंट चॉकलेटं कितीतरी वर्षं दुकानाच्याच तेराव्या मजल्यावर तयार होत. १९९९ मध्ये ते काम राज्याबाहेर गेलं तेव्हा शहर हळहळलं. २००६ मध्ये दुकानाची पाटी बदलून मेसीज झाली, तेव्हा तर निदर्शनं झाली.

ब्रिटनची ‘आफ्टर एट’ १९६२ ची. पातळसर पुदिना-पाक चॉकलेटच्या आत भरतात कसा? भरतच नाहीत. आत घट्ट साखरेची चकती असते, तिच्यात इन्व्हर्टेज नावाचं विकर मिसळलेलं असतं. वरून चॉकलेट चढवल्यावर ते विकर काही दिवसांत साखर फोडून आतला भाग मऊ करतं. चकती बंद पेटीत स्वतःच वितळते!

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत केंडल मिंट केक होता, म्हणजे साखर आणि पेपरमिंटची वडी. जिथे खरी थंडी हाडं फोडते तिथे खोटी थंडी खिशात नेणारे लोक! तेनझिंग यांनी शिखरावर बर्फात थोडा खाऊ पुरला तो देवाला नैवेद्य म्हणून.

दक्षिण कोरियात मिंट चॉकलेट आवडणारे आणि ‘ही तर टूथपेस्ट’ म्हणणारे असे सरळ दोन तट आहेत. आपल्याकडेही परदेशाहून येणाऱ्या बॅगेतली मिंट चॉकलेटं सगळ्यात शेवटी संपतात, ती याच कारणाने. ज्या आजोबांना ती टूथपेस्टसारखी लागतात, त्यांना गोड पानातलं पिपरमेंट मात्र चालतं.

डबा भरण्यापूर्वी

ताज्या क्रीमचं ट्रफल टिकाऊ नसतं. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. डबा घट्ट झाकणाचाच हवा, कारण कोको बटर आजूबाजूचे वास ओढून घेतं आणि आपल्या फ्रीजमध्ये चिरलेला कांदा, हिंगाची फोडणी दिलेली आमटी आणि लसणाची चटणी कायम वस्तीला असतात. खाण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, थंडगार ट्रफलची चव झोपलेली असते. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपल्याला सहज पचतं, कुत्र्याला मात्र ते विषारी ठरतं. आणि यंदा दिवाळीला कुणाकडे ट्रफल देणार असाल तर झाकणावर करण्याची तारीख लिहून द्या. लाडवासारखे महिनाभर पुरवून खाणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.